धुतलेल्या चादरी

त्या घरात न्हाणीघराच्या दाराशी रोज सकाळी भांडण व्हायचं, पण उलटं.

"तू जा आधी."

"छे, छे. तुम्ही जा."

"तुला कामावर जायचंय."

"मला काही घाई नाही."

हे चालू असताना मागून रेडिओआजोबा यायचे, दोघींच्या मधून आत घुसायचे आणि कडी लावून घ्यायचे. दोघी बायका खांद्यावर टॉवेल टाकून एकमेकींकडे बघून हसत उभ्या राहायच्या. ते हसू ओठांवर सुरू व्हायचं आणि ओठांवरच संपायचं.

यातली थोरली ती आजी, म्हणजे जावयाच्या पहिल्या बायकोची आई. धाकटी ती जावयाची दुसरी बायको. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करायची, म्हणून जिन्यातल्या सगळ्या बायका तिला चष्मेवाली म्हणायच्या. आजीही मनातल्या मनात तेच म्हणायची. तोंडावर मात्र दोघी एकमेकींना काहीच म्हणत नसत. काय म्हणणार? एकीच्या बाजूने पाहिलं तर सवतीची आई, दुसरीच्या बाजूने पाहिलं तर लेकीची सवत. असल्या नात्याने कुणी कुणाला हाक मारत नाही. मग 'ऐकलं का' आणि 'अगं, जरा' यावर काम भागवायचं.

आजीची लेक आजारी पडली तेव्हा आजी या घरात आली होती. लेक गेली आणि आजी राहिली, कारण नात लहान होती आणि जावई दिवसभर उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करत फिरायचा. माणूस सुतासारखा सरळ. आजीला 'आई' म्हणायचा आणि ते वरवरचं नव्हतं. पुढे त्याने दुसरं लग्न केलं, तेही आजीला विचारून. आजी म्हणाली, कर. तिने ते मनापासून म्हटलं होतं आणि त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर जाऊन मनापासून रडलीही होती. दोन्ही खरं होतं.

चष्मेवालीही एकदा विधवा झालेली. ती आली ती एकटी आली नाही, पहिल्या नवऱ्याचे वडील बरोबर घेऊन आली. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाची मान हातात असली की ते निमूट ऐकून घेतं, याची त्यांना जन्माची सवय. आता दुकान नव्हतं, माना नव्हत्या, तरी तोंडाचा पट्टा सकाळपासून चालूच. नातीने आठवड्याच्या आतच त्यांचं नाव रेडिओआजोबा ठेवलं. म्हातारे इतके खूश झाले, की स्वतःची ओळखही तीच सांगू लागले.

अशी दोन संसारांतून उरलेली माणसं एका घरात आली, आणि सगळ्यांनी जणू मनाशी शपथ घेतली, की कुणी कुणाला दुखवायचं नाही. ताटात शेवटचा घास उरला की तो कुणीच घेत नसे. पंखा कितीवर ठेवायचा यावर इतकी विचारपूस व्हायची, की तेवढ्यात उकाडा संपावा. आजीला भाजीत मीठ जास्त वाटलं तर ती म्हणायची, "छान झालीय." चष्मेवालीला आजीने घासलेलं भांडं तेलकट वाटलं तर आजीची पाठ वळायची वाट बघून ती ते पुन्हा घासायची. आजीला पाठीलाही डोळे होते. ती बघायची आणि मूग गिळून गप्प बसायची.

या चांगुलपणाने आजी दमली होती. स्वतःच्या लेकीशी ती रोज भांडली होती, पदरापासून पातेल्यापर्यंत कशावरूनही. इथे वर्षभर तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. पाहुण्यांवर कुठे कुणी आवाज चढवतं? शेवटी तिने मनाशी ठरवलं. नातीची वार्षिक परीक्षा झाली की दुसऱ्या गावी भावाकडे जायचं, कायमचं. भावाला तसं फोनवर सांगूनही झालं. घरात अजून कुणाला पत्ता नव्हता. नातीला कसं सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. नातीची हनुवटी थेट तिच्या आईसारखी होती, आणि ती हनुवटी आता रोज दिसणार नव्हती. पण ज्या घरात आपण कुणाच्या पायात येतो ते घर वेळेवर सोडावं, असं तिचं मत होतं. अडचण झाली म्हणून कुणी सांगण्याआधीच पाय काढता घेतलेला बरा.

परीक्षेला थोडेच दिवस उरले असताना जावई पडला. लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करताना पाय सरकला आणि तो खालच्या मजल्याच्या उंबऱ्यावर आपटला. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. दुपारी चष्मेवालीचा दुकानातूनच फोन आला. "मी इस्पितळात जातेय. तुम्ही घरी थांबा. शाळेतून आली की तिला एकदम सांगू नका." आवाज अगदी सपाट होता. आजीने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि रेडिओआजोबांना सांगितलं.

रेडिओआजोबा म्हणाले, "बसा जरा. पाणी घ्या."

पण बसणं आजीला जमणारं नव्हतं. तिचं सगळं आयुष्य एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात गेलं होतं. वर डॉक्टर होते, परिचारिका होत्या, औषधं होती. तळघरात नुसत्या चादरी. तिथल्या बायकांना आजारी माणूस कधी दिसायचा नाही, त्याची चादर तेवढी दिसायची. मग त्या माणसासाठी करायचं तरी काय? चादर अशी धुवायची की तिच्यावर झोपणाऱ्याला बरं व्हावंसं वाटलं पाहिजे. हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या तळघरातली प्रत्येक बाई हेच मानून राबायची, आणि आजी तर जास्तच.

म्हणून ती उठली आणि जावयाच्या खोलीत गेली. पलंगावरची चादर काढली, उशांचे अभ्रे काढले, पांघरूण काढलं. खुंटीवरचा त्याचा शर्ट, दाराच्या मागचा टॉवेल, काही ठेवलं नाही. गादीला हवा लागावी म्हणून ती भिंतीला टेकवून उभी केली. मग न्हाणीघरात बसून सगळं हाताने घासलं. मशीन होतं, पण आज मशीनवर तिचा भरवसा नव्हता.

रेडिओआजोबा दाराशी आले. त्यांनी उभ्या गादीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तसंच मिटलं आणि ते बाहेर जाऊन बसले. वर्षभरात पहिल्यांदाच त्या घरातला रेडिओ बंद पडला होता, पण आजीच्या ते लक्षात आलं नाही.

चष्मेवाली दिवस मावळायच्या आत परतली. नात शाळेतून येऊन जेमतेम दप्तर ठेवत होती. "शुद्धीवर आहे," चष्मेवाली दारातच म्हणाली. "बोलला माझ्याशी. उद्या ऑपरेशन. डोक्याचं काही नाही." आजीचा जीव भांड्यात पडला. नात मावशीला बिलगली, म्हणजे चष्मेवालीलाच. ती तिला मावशी म्हणायची. "त्याचे कपडे घेऊन मला परत जायचंय," असं म्हणत चष्मेवाली आतल्या खोलीत गेली.

आणि बाहेर आलीच नाही. आजी बघायला गेली, तर ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. समोर पलंगाच्या उघड्या फळ्या, भिंतीला टेकवलेली गादी, रिकामी खुंटी.

"हे कुणी केलं?"

"मी. म्हटलं, सगळं स्वच्छ..."

"तो जिवंत आहे," चष्मेवाली म्हणाली. पहिल्यांदा हळू म्हणाली, आणि मग तिने घर डोक्यावर घेतलं. "जिवंत आहे तो! मी अर्ध्या तासापूर्वी त्याच्याशी बोलून आले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं बिछाना उचलायला? मला विचारायचं नाही? माझा पहिला नवरा इस्पितळात होता, मी घरी आले तर असाच पलंग होता. अशाच फळ्या. कुणी तोंडाने सांगायच्या आधी मला त्या फळ्यांनी सांगितलं. तुम्ही पण ठरवून मोकळ्या झालात?"

आजीने ओले हात पदराला पुसले. नात तिच्या मागे येऊन उभी होती. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. एखादी जुनी माहिती द्यावी तसं ती म्हणाली, "आईचं पण असंच सगळं धुतलं होतंस तू."

चष्मेवालीचं ओरडणं तिने पदर पसरून झेललं असतं. हे एक वाक्य झेलवेना.

चष्मेवाली कपडे घेऊन इस्पितळात निघून गेली. जाताना दार आपटलं. त्या घरात दार आपटल्याचा आवाज आजीने पहिल्यांदा ऐकला.

आजी बाल्कनीत जाऊन ओल्या चादरींच्या मागे बसली. तिथे आपण कुणाला दिसत नाही असं तिला वाटत होतं. तिला लाज वाटत होती, साधी, सरळ, मान खाली घालायला लावणारी लाज. परीक्षेपर्यंत थांबायचं तरी कशाला, उद्याच जावं. चष्मेवाली परत येईल ती पुन्हा गोड बोलेल, चुकलंच माझं म्हणेल, स्टेशनपर्यंत सोडायलाही येईल. तेवढं सोसायचं आणि जायचं.

रेडिओआजोबांनी चहाचा कप आणून दिला. चहा फार वाईट होता. ते आपला कप घेऊन शेजारी स्टुलावर बसले.

"तेव्हाची चादर मी काढली होती," ते म्हणाले.

"कधीची?"

"माझ्या मुलाची. इस्पितळातून मला आधी कळलं. म्हटलं, ती येईल, ती सुरकुतलेली चादर बघेल, तिच्यानं बघवणार नाही. म्हणून काढली. आणि तिनं बघितलं ते आणखीच वाईट." त्यांनी आपल्या कपातला चहा बघितला. "मलाही असंच बोलली होती. याहून जास्त. माझा तर मुलगा गेला होता, तरी बोलली."

"मग?"

"मग काय. एकाच घरात होतो. कुठे जाणार? चालत राहिलं."

त्यांनी तात्पर्य वगैरे काही सांगितलं नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

थोड्या वेळाने नात आली. आजीने तिला चादरीच्या आडोशाला आपल्याजवळ बसवून घेतलं. वर्षानुवर्षं हा विषय दोघींमध्ये कधी निघाला नव्हता.

"मी शोधत होते तेव्हा," नात म्हणाली. "आईचा वास. उशीला पण साबणाचा येत होता. कपाटाच्या मागे तिचा एक रुमाल सापडला, पण त्याला कपाटाचाच वास होता."

"अगं, ती गेल्यावर नाही धुतलं मी," आजी म्हणाली. "तिला इस्पितळात नेलं त्याच दिवशी धुतलं. घरी येईल तेव्हा बिछाना स्वच्छ हवा ना? ती येणार म्हणून धुतलं होतं. मला दुसरं काय येतं?"

नातीने विचारलं, "मग आज बाबा येणार म्हणून धुतलंस?"

"हो."

"हे मावशीला सांगायचं की."

"तिने सांगू कुठे दिलं?" आजी म्हणाली. नात हसली आणि तिच्या कुशीत शिरली. चादरीचं पाणी दोघींच्या डोक्यावर ठिबकत होतं.

सकाळी आजी लवकर उठली. तिने आपली बॅग भरून दाराशी ठेवली आणि न्हाणीघराकडे गेली. चष्मेवाली पहाटे येऊन तासभर पडली होती. तीही टॉवेल घेऊन आली. आजी नेहमीसारखी बाजूला झाली. "तू जा आधी."

"मीच जाणार आहे," चष्मेवाली म्हणाली आणि आत जाऊन कडी लावली.

आजी बंद दाराकडे बघत राहिली. आतून आवाज आला, "डबा तुम्ही करा. नेहमीसारखं मीठ कमी नको. ऑपरेशन सकाळी आहे. मी तिथे थांबते, दुपारी तुम्ही या, मला दुकानात तोंड दाखवून यावं लागेल. आजोबांना म्हणावं, पोरीला शाळेत सोडा आणि शाळेत बोलत बसू नका."

म्हणजे वर्षभर मीठ कमी पडत होतं तर. आजीला राग आला. आलेला राग इतका ओळखीचा होता की क्षणभर तिला लेकीचीच आठवण झाली.

चष्मेवाली केस पुसत बाहेर आली आणि तिला दाराशी ठेवलेली बॅग दिसली.

"हे काय?"

"भावाकडे जाईन म्हणते. ऑपरेशन झालं, तो बरा आहे म्हणून कळलं, की निघते."

चष्मेवालीने टॉवेल खांद्यावर टाकला. डोळे लाल होते, रात्रभराचे. "कालचं माझं बोलणं मी परत घेणार नाही," ती म्हणाली. "मला तसंच वाटलं होतं. पण पोरीने मला पहाटे सांगितलं तुम्ही का धुता ते. माझ्या अंथरुणात येऊन सांगितलं." "तो घरी येईल तो आडवाच येणार. कितीतरी आठवडे उठायचं नाही. माणूस न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलतात, मला येत नाही. मी चष्मे करते. भावाला म्हणावं, आत्ता जमणार नाही."

"बरा झाला की जाईन," आजी म्हणाली.

"तेव्हाचं तेव्हा बघू," चष्मेवाली म्हणाली आणि बॅग ओलांडून स्वयंपाकघरात गेली.

ऑपरेशन नीट झालं. जावई घरी आला तेव्हा बाल्कनीतल्या चादरी केव्हाच वाळून, घड्या होऊन कपाटात गेल्या होत्या. त्याच्या खोलीत आता आजीचं राज्य सुरू झालं. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या. त्याला चांगल्या पायाच्या कुशीवर वळवायचं, पायांमध्ये उशी द्यायची, मळकी चादर लांबीने गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत आणायची, तिला लागून धुतलेली चादर तशीच पसरायची, मग त्या उंचवट्यावरून त्याला अलगद इकडे घ्यायचं. सांगायला सोपं. चष्मेवालीचे हात भिंगांच्या कडा अचूक घासणारे, पण चादर तिला ताणता यायची नाही.

"सुरकुती राहिली," आजी म्हणायची.

"कुठे राहिली?"

"तुला दिसत नाही? आणि तू चष्मे करतेस?"

"मला दिसते ती घडी आहे."

"घडी पाठीला टोचते. काढ ती."

मधे पडलेला जावई छताकडे बघत म्हणायचा, "मी इथे आहे." त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे. रेडिओआजोबा त्याची दाढी करायला यायचे आणि हातात पुन्हा एक मान आल्यामुळे त्यांची गाडी भरधाव सुटायची. नात अभ्यासाचं पुस्तक घेऊन पायाशी बसायची. घरात आवाज वाढला होता. मीठ वाढलं होतं. तेलकट भांडं आता आजीच्या तोंडावर परत यायचं, आणि आजी ते चष्मेवालीच्या हातातून हिसकावून घ्यायची.

परीक्षा केव्हाच संपली. जावई कुबड्या घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागला. आजीची बॅग दाराशीच होती, म्हणजे आधी दाराशी होती, मग नातीने तिच्यावर पुस्तकं ठेवली, मग कुणीतरी छत्र्या. तरी ती होती. रात्री झोपताना आजी अजून विचार करायची, की आता आपलं काम संपलं. आता त्यांना आपली गरज नाही, आणि गरज संपल्यावर थांबणं बरं नाही. जावं की राहावं हे तिचं ठरत नव्हतं आणि विचारायची तिची छाती होत नव्हती.

अशात एका सकाळी भावाचा फोन आला. आजी तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि जोरात होती. चष्मेवालीने तिच्या डब्यांच्या फळीची सगळी मांडणी बदलली होती, न विचारता, आणि वर म्हणत होती की आता हाताशी येतं.

"माझ्या हाताशी नाही येत! माझा हात तिथवर पोचतो का?"

"मग मला हाक मारायची. मी घरातच असते ना?"

"घरात कुठे असतेस? दुकानात असतेस."

"मग स्टूल घ्या."

"या वयात मी स्टुलावर चढू? पडले म्हणजे?"

"पडलात तर चादर बदलायला आता येते मला."

फोन वाजत होता. आजीने तो कानाला लावला, पण नजर फळीवरून हलवली नाही. भाऊ म्हणाला, "परीक्षा झाली ना नातीची? खोली तयार आहे. कधी येतेस?"

"नंतर कर," आजी म्हणाली. "आत्ता आमचं भांडण चाललंय."

"भांडण? कुणाशी?" भावाने काळजीने विचारलं.

"कुणाशी म्हणजे काय," आजी वैतागून म्हणाली, "घरात." आणि तिने फोन ठेवून दिला.